घरातल्या मोठ्याच्या कानावर घातले

मी, खाली सही करणार, काचकामाचा दुकानदार, वय अडुसष्ट, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाखाली नसताना माझ्या मागची व्यवस्था लिहून ठेवत आहे. यापूर्वी लिहिलेले रद्द समजावे. पत्नी आधीच गेली. एकुलती एक मुलगी गेल्या वर्षी आजारात गेली.

१. दुकान, वरच्या दोन खोल्या आणि बँकेतील ठेवी मुलांवरील लैंगिक अत्याचार रोखण्याचे काम करणाऱ्या संस्थेला द्याव्यात. त्यातून शिक्षक, डॉक्टर, शाळेचे बसचालक, क्रीडाशिक्षक यांना एकाच खोलीत बसवून शिकवावे. वेगवेगळे नको. आमचे वाटोळे त्यानेच झाले.

मुलगी नऊ वर्षांची असताना पोहण्याच्या क्लबातील प्रशिक्षकाने तिच्यावर अत्याचार केले. मला तिने शेवटच्या आजारपणात सांगितले. मग मी एकेकाला भेटलो. क्लबवर जायच्या दिवशी ती बसमध्ये चढताना रडे, हे बसचालकाने पाहिले होते. ती बाकाखाली जाऊन बसे, हे वर्गशिक्षिकेने. पोट सारखे का दुखते, अशी शंका डॉक्टरबाईंना आली होती. तिघांनी सांगितलेही होते, पण मला नव्हे. "घरातल्या मोठ्यांच्या कानावर घातलं होतं हो," तिघांचे एकच उत्तर. घरातला मोठा म्हणजे माझा थोरला भाऊ, त्याच क्लबचा सचिव.

२. थोरल्या भावाला माझे काहीही मिळू नये. चमचासुद्धा. त्याने प्रशिक्षकाला शाबासकीचे पत्र देऊन दुसऱ्या गावी पाठवले. तिथे तो आजही मुलांना पोहायला शिकवतो. मी पोलिसांत गेलो, तेव्हा अशी तक्रार कधी आलीच नव्हती, असे क्लबने लिहून दिले. सही भावाची. विचारले तर म्हणाला, "अरे, घराची अब्रू वाचवली मी. तुझीच पोर बदनाम झाली असती." दादा, तिघांनी तुला सांगितले त्याच महिन्यात तू स्वतःच्या मुलीचे पोहणे बंद केलेस. क्लोरीनने केस जातात म्हणालास. मला या भावाच्या हातचे पाणीही आता नको. माझ्या प्रेताला त्याने हात लावू नये.

३. काच कापायचा हिरा शेजारच्या सुताराला द्यावा. त्याची मापे नेहमी चुकतात, पण दुखवट्याला येऊन तो गप्प बसला. ते दुसऱ्या कोणाला जमले नाही.

४. शिकवताना एवढे सांगावेच: मूल बदललेले दिसले तर घरातला मोठा शोधत बसू नये. त्याच दिवशी बालसंरक्षण अधिकाऱ्याला कळवावे. डॉक्टरबाई मला म्हणाल्या, "हातात पुरावा नव्हता ना." शंका कळवायला पुरावा लागत नाही. तो शोधणारे वेगळे असतात.

५. ही व्यवस्था पुतणीने पाहावी, म्हणजे त्याच भावाच्या मुलीने. मसुदा वाचून ती म्हणाली, "काका, म्हणजे बाबांना माहीत होतं?" मी कलम दोनवर बोट ठेवले. तिने ते पुन्हा वाचले. "आणि मी तिला चिडवायचे, तुझे केस झडणार म्हणून."

साक्षीदार म्हणून डॉक्टरबाई आणि वर्गशिक्षिका यांना बोलावले. अट एकच घातली: आधी पोलिसांत जबाब, मग माझ्या कागदावर सही.

"या वयात पोलीस ठाणं?" शिक्षिका म्हणाल्या.

"चला बाई, मी गाडी काढते," पुतणी म्हणाली. "मलाही बाबांविषयी सांगायचंय."

तिघी जबाब देऊन आल्या. त्यानंतर, सर्वांसमक्ष:

लिहून ठेवणार: काचवाला (सही)
साक्षीदार: डॉक्टर (सही), वर्गशिक्षिका, निवृत्त (सही)
स्थळ: माझे दुकान
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२३