बावन्न तास सात मिनिटं

२ नोव्हें., रविवार
ताईचा फोन. माहीमला बांधाबांध सुरू. भावोजींनी नोकरी सोडली, सात डिसेंबरला दोघं गावी चालली, कणकवलीजवळ, कायमची. मुलगा बंगळुरात, मग इथे कशाला राहायचं, असं तिचं म्हणणं. मी हो हो करत राहिलो.

मग म्हणाली, "बाबू, वही सापडली."

कुठली ते विचारावं लागलं नाही. निळ्या पुठ्ठ्याची. तिने शेवटचं पान वाचून दाखवलं. "पाणपोई १४. ५२ तास ७ मि. उद्या शेवट." त्या उद्याला सत्तावीस वर्षं झाली. दुसऱ्या दिवशी तिच्या हळदीची माणसं आली, आणि ते राहिलं ते राहिलंच.

"डबा आहे ना? कार्ड?"
"आहे."
"मग जायच्या आधी संपवूया. तेवीसच्या रविवारी येते."
"ये."

आहे म्हटलं ते खोटं नाही. डबा आहे, कार्डही आहे. कार्डावर काय उरलंय ते बोललो नाही.

३ नोव्हें.
माळ्यावरून डबा काढला. आईच्या लुगड्यात गुंडाळलेला. सत्तावीस नाही तरी वीस वर्षं तिथेच असेल. उघडला आणि सटासट चार शिंका. आई लालबागला मसाल्याच्या दुकानात मिरच्यांची देठं काढायला जायची, तिची सगळी लुगडी अशीच. आईला जाऊन सहा वर्षं झाली, ठसका अजून आहे.

डबा म्हणजे व्हिडिओ गेमचा, खेळ जिथवर आला ते त्यात खोचलेल्या कार्डावर साठतं. समोरच्या खोलीतल्या काकांनी दुबईहून आणलेला, आम्हाला एकच डिस्क मिळाली आणि तीसुद्धा जपानी. एक अक्षर कळायचं नाही. सगळं जागेवरून पाठ. खेळ साठवायचा तर यादीत वरून पहिलं, मग गोलाचं बटण दोनदा: वरून पहिलं, गोल, गोल. गोष्ट ताई सांगायची. पडद्यावर जपानी उमटलं की ती धडाधड मराठीत वाचायची, निरनिराळे आवाज काढून. ती एकवीसची, मी चौदाचा. बरेच दिवस मला वाटत होतं तिला खरंच जपानी येतं.

४ नोव्हें.
आज लिहूनच टाकतो.

ताईचं लग्न झालं तेव्हा जाताना म्हणाली होती, "माझ्याशिवाय डबा लावायचा नाही." मी मान हलवली. नवव्या दिवशी शाळेतून आलो, खोलीत कोणी नाही, आणि मला तिचा भयंकर राग आला. गेली म्हणून. रागातच डबा लावला. आमच्या जागेला हात लावला नाही, नवीन खेळ सुरू केला, एकट्याचा. वीस मिनिटांत पहिली पाणपोई, खेळ साठवायची जागा. तिथे सवयीने, न बघता, वरून पहिलं, गोल, गोल.

कार्डावर खाली चार जागा रिकाम्या होत्या. बावन्न तासांवर वीस मिनिटं बसली.

कोणालाच सांगितलं नाही. ताई माहेरपणाला आली की मी आपला क्रिकेट खेळायला खाली.

५ नोव्हें.
ठरलं. दुसरी पाळी आहे महिनाभर, एक्स-रे विभागात दोनला पोचायचं, म्हणजे सकाळ मोकळी. पुन्हा पहिल्यापासून खेळून पाणपोई १४ गाठायची, तेवीसच्या आत. ताईला कळणारही नाही.

डबा उलटा ठेवला तरच डिस्क फिरते. तेव्हाही तसंच होतं. ते हाताला आपोआप आठवलं, याचा फार आनंद झाला.

सुषमाला सगळं सांगितलं. बायको म्हणाली, "त्यापेक्षा फोन करून सांगा ना, चुकून पुसलं गेलं म्हणून. सत्तावीस वर्षांनी कोण रागावतं?"
तिला ताई माहीत नाही.

७ नोव्हें.
पा. ३. शेवंती कंदील घेऊन निघाली. (शेवंती हे ताईने ठेवलेलं नाव.) बेटावरचा समुद्र रुसून निघून गेलाय, त्याला परत बोलवायला ती चालली आहे. वाटेत जागोजागी दगडी कुंडं, आत निळा उजेड. तिथे पोचली की दम भरतो आणि खेळ कार्डावर उतरतो. मधे कुठेही नाही. म्हणून पाणपोई.

९ नोव्हें., रविवार
ओवीने शोध लावला. हाच खेळ नव्याने निघालाय, इंग्लिशमध्ये, तिच्या टॅबवर चालतो. कन्यारत्न संध्याकाळपर्यंत माझ्या पुढे.
"बाबा, यात कुठेही सेव्ह होतं. कशाला छळ करून घेताय?"
तुटक्या पुलावरून तीनदा पडली, तीनदा जिथल्या तिथे उठली. पडताना शेंगदाणे खात होती. त्या पुलावर ताई माझा शर्ट मागून धरून बसायची, घामाने बटणावरून बोट सटकायचं. ओवीला पुलाची भीतीच नाही.

शिवाय खरी गोष्ट सांगितली. शेवंती म्हणे राजकन्या आहे आणि राक्षसाला कोंडायला चालली आहे. समुद्राचा काही संबंध नाही. खेळातल्या फाटकावरचे आमचे वॉचमनकाका, ज्यांना ताई मालवणी बोलायला लावायची, ते मुख्य खलनायक.
उगाचच ओवीवर ओरडलो. नंतर वाईट वाटलं, तिला बटाटेवडा आणून दिला.

११ नोव्हें.
ताईला फोनवर सहज म्हणून विचारलं, नवीन आलाय, सोपा आहे, तोच खेळूया का? (पळवाट. मान्य.)
"त्यात पाणपोया आहेत?"
"आहेत. पण नुसत्या शोभेच्या. कुठेही थांबता येतं."
"मग गोष्ट कधी सांगायची?"
 खरंच, ताई पुढची गोष्ट पाणपोईवरच सांगायची. तिथे पोचलो की ती चहा ठेवायची, मग निळ्या उजेडासमोर बसून आतापर्यंत काय झालं ते पहिल्यापासून. थांबायची जागा ठरलेली होती म्हणून दोघं एकदम थांबायचो. आता घरात कोणी कुठेही थांबतं, त्यामुळे एका वेळी दोघं थांबलेले मी पाहिलेले नाहीत.

१३ नोव्हें.
पा. ९ ते १०. पाऊण तास मधे कुंड नाही. एक चाळीस झाले, कामावर जायचं, कुंड समोर दिसतंय आणि वटवाघळाने मारलं. पुन्हा ९ वर. ओवी हसून गडाबडा लोळली. मी पोळीचा रोल तोंडात धरून जिना उतरलो.
तरी सांगतो, मजा येते आहे. अपराध वाटायला हवा तेवढा वाटत नाही.

१८ नोव्हें.
पा. १४!!
समोर शेवटची गुहा, आत जायचं नाही. कुंडाशी उतरवून घेतलं. मग आकडा बघितला.
१९:२०.
अक्षरं जपानी असली तरी आकडे आपलेच. पडद्यावर स्वच्छ दिसतात. ताईच्या वहीत बावन्न सात. तेव्हा नवखे होतो, वाट माहीत नव्हती, शिवाय गोष्टी सांगताना डबा चालूच असायचा. बावन्नापैकी निम्मे तास ताईच्या बोलण्याचे असतील.

१९ नोव्हें., बुधवार
उपाय सोपा. कुंडाशी कोणी मारत नाही. शेवंतीला तिथे उभी करायची आणि डबा चालू ठेवायचा, बत्तीस तास सत्तेचाळीस मिनिटं. सकाळी सहाला लावला, म्हणजे उद्या पावणेतीनला बरोब्बर. उद्या सुट्टीही आहे. टीव्ही बंद, डब्यावर नॅपकिन.
सुषमा: "एवढं डोकं दहावीला लावलं असतंत तर."

२० नोव्हें., गुरुवार
अकराला मजल्यावर वायरमन आला, मीटरचं काहीतरी, न विचारता मेन बंद. एकोणतीस तास पाण्यात. त्याला काय बोलणार? "काका, फ्रीज होता काय?" विचारत होता बिचारा.
साडेअकराला पुन्हा लावला. आता हिशेब उद्या रात्री आठ सतराला येतो आणि मी कामावर. सुषमाला शिकवलं. वरून पहिलं, गोल, गोल. कागदावर चित्र काढून दिलं.

२१ नोव्हें.
आठ वीसला फोन. एका आजींचं मनगट एक्स-रेच्या पाटीवर, मी स्पीकरवर टाकला.
"झालं."
"किती वाजले?"
"बावन्न नऊ."
"नऊ? सात सांगितलं होतं!"
"पोळी तव्यावर होती. जाळू?"
आजी म्हणाल्या, "पोळी जाळायची नाही रे बाबा."
मागचं एकोणीस वीस उरलेलं नाही, त्याच जागेवर केलं. खालच्या चार जागा अजून रिकाम्या. सत्तावीस वर्षांत मी हे शिकलो.
दोन मिनिटं. कोण बघतंय दोन मिनिटं?

२३ नोव्हें., रविवार
ताई आली. सोलकढी घेऊन, केसांना मेंदी, वही पिशवीत. डबा उलटा बघून टाळी वाजवली. मांडी घालून बसली, वही मांडीवर उघडी. पडद्यावर पाच जागा आल्या, पहिल्यापुढे आकडा. ताईने चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला.

"नऊ कसे रे?"

वहीत चुकलं असेल, हे वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. सुषमा दारात पोळपाट घेऊन उभी. ओवीने टॅब खाली ठेवला.

सांगितलं. नववा दिवस, राग, वीस मिनिटं, सगळं. मग हे या महिन्याचं, वायरमन, पोळीपर्यंत.

"मग हे तू किती तास खेळलास?"
"एकोणीस."
"आणि बाकीचे?"
"डबा नुसता चालू होता."

ताई हसली. इतकी की चष्मा काढून डोळे पुसले. ओवीही हसली, सुषमाही, मला वाटलं, सुटलो. मग ताईने चष्मा परत घातला. रागावली की ती आईच्या बोलीत जाते.

"म्हंजे माका सोडून दोनदा खेळलंस."

कार्ड पुसलं म्हणून रागावेल, खोटं बोललो म्हणून रागावेल, असं धरून चाललो होतो. त्यातलं तिला काहीच लागलं नव्हतं. आणि हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही, दोन आठवडे रोज सकाळी, पा. ३ ला नाही, ९ ला नाही. मला रडू आलं. एक्केचाळीसाव्या वर्षी, मुलीसमोर. ताईने पाठीवर हात ठेवला नाही. चहा निवला तरी तिने उचलला नाही.

मग वही मिटून म्हणाली, "नवीन खेळाला कुठलं रे? वरून दुसरं ना?"

लावला. शेवंती कंदील घेऊन निघाली. ताई पहिल्यांदा अडखळली, मग आवाज लागला. वॉचमनकाका आले, "खंय चाललंस गो?" ओवीने तोंड उघडलं, मी तिच्याकडे बघितलं, ती मिटून बसली. पहिली पाणपोई. बटणं ताईच्या हातात. वरून पहिलं, माझ्या बावन्न नऊवर आली.

"ताई, खाली जागा आहेत."
"दिसतत माका."

गोल, गोल. पुसलं.

मला एकदम हलकं वाटलं. मग तिने गार चहा गरम करून मागितला आणि गोष्ट पहिल्यापासून सांगितली.

३० नोव्हें.
ताई दुसऱ्यांदा आली. पा. ३. या वेळी समुद्र का रुसला ते वेगळं सांगतेय. आधी भांडण होतं, आता म्हणे त्याला कोणी थांब म्हणालंच नाही. मी विचारलं, हे आधी नव्हतं ना? "तेव्हा माका म्हायत नव्हता," म्हणाली.
ओवी टॅब न घेता येऊन बसते. पुलावर तिनेही श्वास धरला.

६ डिसें.
भावोजी सामानाच्या टेम्पोमागे लागलेत, ताई इथे पुलापलीकडे. पा. ५. नऊ उरल्यात. मी म्हटलं, रात्रभर बसूया, जमेल तेवढं. नको म्हणाली. "पाणपोई इली, थांबायचा."

७ डिसें., रविवार
दादरला सोडून आलो. गाडीत बसल्यावर ताईने पर्स उघडून दाखवली, औषधांच्या पाकिटामागे कार्ड.
"डबा तुज्याकडे, कार्ड माज्याकडे. आता खेळ बघूया."
"कधी येशील?"
"तू ये की डबा घेऊन." मग पर्स मिटून, "थंय लाईट जाता पण."

गाडी हलल्यावर मी फलाटावर थोडा चाललो. लोक करतात तसा.

घरी डबा आईच्या लुगड्यात गुंडाळायला घेतला, तर खाली निळी वही. नवीन पान. "पाणपोई ५. ८ तास ४१ मि. उद्या पुढे."
डबा माळ्यावर टाकला नाही. टीव्हीखाली ठेवलाय, उलटा.