आष्ट्याच्या अंगणातली मोटार

आबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमच्याविषयी वाईट बोललं तरी मला कुणी अडवत नाही. आष्ट्यात एखादं म्हातारं माणूस भेटतं आणि म्हणतं, "तुजा बाप लय हुन्नरी गडी." मी मान डोलावते. तो हुन्नर मी जवळून बघितलाय.

लढाई संपल्यावर तुम्ही परत आलात आणि कुठल्याशा साहेबाची जुनी मोटार घरी आणलीत. पुढची चाकं थरथरायची, खड्डा आला की पुढून खडखडाट व्हायचा, आणि तुम्ही मिरवणुकीत बसल्यासारखे दोन्हीकडे बघत जायचात. सांगलीच्या मिस्त्रीनं सांगितलं, पुढच्या कमानींचे बुश झिजलेत, गाडी ठेवून जा. कमान म्हणजे चाकावरची पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग; ती जिथं पिनेनं अडकवतात, तिथल्या भोकातल्या पितळी नळ्या त्या. तुम्हाला तो अपमान वाटला. "मला शिकवतोय? पलटणीत गाड्या खोलल्यात मी!" पलटणीत तुम्ही रेशनचा ट्रक हाकत होतात. पाना दुसऱ्यांच्या हातात असायचा. तुमच्याच सोबतच्या शिपायानं, तुम्ही बाहेर गेल्यावर, आमच्या चुलीपुढं बसून हे सांगितलं होतं.

मी तेव्हा माहेरपणाला आले होते. नवे बुश तुम्ही सांगलीहून लेथवर करून आणलेत आणि सकाळपासून अंगण अडवून बसलात. पीठ मळायच्या परातीत ग्रीस. बुश ठोकायला आईचा बत्ता. जॅकखालची माती भुसभुशीत, म्हणून जेवायला बसायचा पाट तिथं घातलात. मी म्हटलं, "आबा, पाट तडकंल." तुम्ही माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. एक बाजू झाली. दुसऱ्या बाजूला भोकं जुळेनात, तेव्हा आईला हाक मारलीत. ती भाकरी टाकून आली, तशीच पिठाच्या हातांनी, आणि कमानीचं टोक धरून बसली. तुम्ही पहारीनं रेटताय, "वर, वर, आणिक वर" म्हणून ओरडताय, आणि पाट मधोमध फुटतो. गाडी एका अंगाला बसते. आईचं मनगट आत.

गाडी उचलून हात काढला. आई ओरडलीसुद्धा नाही. ओरडलात तुम्ही. "लक्ष कुठं असतंय तुजं?"

मनगट डोळ्यांदेखत सुजत होतं. मी म्हटलं, "सर्व्हिस मोटार आत्ता येईल, तिनं सांगलीला जाऊ." "घरची गाडी असताना सर्व्हिसनं?" असं म्हणून तुम्ही पुन्हा खाली वाकलात. सर्व्हिस मोटार आली, उतारू घेऊन, हॉर्न वाजवून गेली. आई हळद लावून उंबऱ्यावर बसली होती आणि तुम्ही पिना ठोकत होतात. डॉक्टर पुढं म्हणाला, एवढी सूज यायच्या आत का आणलं नाही? हाड वाकडंच जुळलं. त्यानंतर आई आयुष्यभर एकाच हातानं भाकरी थापायची.

पण मला सांगायचंय ते गाडी जोडून झाल्यावर तिनंच डॉक्टरकडे निघालो, त्या सांगलीच्या वाटेवरचं. आई तुमच्याशेजारी, हात मांडीवर धरून. मी मागं. तुम्ही एकदम गाडी हळू केलीत आणि विचारलंत, "धक्का बसतोय का गं?" मला वाटलं, फुटला बाबा पाझर.

आई म्हणाली, "न्हाई."

"मग! बुश कसं बसल्यात बघ."

तोंड उजळलं होतं तुमचं. त्या क्षणी मला तुमची जितकी किळस आली, तितकी कुणाचीच कधी आली नाही. आता आई तुमच्याकडे पाठ फिरवील, निदान रडेल, म्हणून मी पुढं वाकून बघितलं. आणि ती हसत होती. दुखण्यानं ओठ पांढरे पडलेले, आणि हसत होती, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. "आवं, तुमी म्हंजे..." एवढंच म्हणाली. मग तुम्हीही हसलात. मागं मी एकटी.

हा कागद मी चुलीत घालणार आहे. कुणाला दाखवावा असं त्यात काही नाही. तुम्हाला मी माफ केलेलं नाही, करणारही नाही. एवढंच की ती का हसली, ते मला अजून कळलेलं नाही. आणि तुमच्यावरच्या रागापेक्षा मला तेच जास्त खातं.