ढगासारखा आवाज

व्हर्ना पोरी, कॉफी घेऊन जरा बैस आणि ही चिठ्ठी वाच. एक गोष्ट लिहितो, मग चर्चला निघतो.

काल तू हसलीस, "बाबा, बंदुकीच्या काळ्या दारूचा आवाज मऊ, ढगासारखा. त्याला कसले इयरप्लग?" हे वाक्य माझंच, तरुणपणीचं. मी आणि ऑर्विलकाका गोळीखाली ठेवायच्या, चरबीत भिजवलेल्या लोकरी चकत्या थट्टेने कानांत कोंबून रिव्हॉल्वर उडवायचो, कापूस घालणाऱ्याला "म्हातारे!" म्हणायचो. आता पाद्रीबाबा प्रवचन गाऊ लागले, की लोकांच्या पायांचा ठेका मला जमिनीच्या फळ्यांतून कळतो. वरचा सूर मात्र धुरासारखा विरून जातो. देव तुला तो जन्मभर ऐकवो.

दारूच्या डब्यावर इयरप्लग ठेवलेत. आज नेमबाजीला घालच. आणि ऑर्विलकाकाची आठवण ठेव. त्याला आता काहीच ऐकू येत नाही; मी काहीही बोलो, माझे ओठ हलले, की तो "आमेन" म्हणतो.

बाबा