डावी मूठ

तोमारिनाई,
७ डिसेंबर १९८६

ती. तात्सुओदादास,
फुमीचा शि. सा. न. वि. वि.

मोटरसायकल पोचली. स्टेशनावरच्या हमालाने नवी घेतली का म्हणून विचारलं, यातच तुझ्या कामाची पावती आली. चाकांच्या साखळ्या तर माझ्या बांगड्यांपेक्षा जास्त चमकतात. एवढं कुणी सांगितलं होतं तुला? वहिनी म्हणतात तेच खरं, दुकान चालायचं तर तुझ्यासारख्या माणसाने बहिणी कमी ठेवाव्यात.

सोमवारपासून टपालाचं काम सुरू केलं. पोस्टमास्तर आधी तयारच नव्हते. बाईमाणूस, तीही बावन्न वर्षांची, आणि इथला वारा म्हणजे काय तुम्हाला माहीत नाही का, असं मलाच ऐकवत होते. मी म्हटलं, माझ्या नवऱ्याने, शुन्साकुने, एकोणीस वर्षं या किनाऱ्यावर टपाल वाटलं. कुठल्या घरचा कुत्रा चावतो आणि कुठल्या घरची म्हातारी चहा पाजल्याशिवाय सोडत नाही, हे मला त्याच्या तोंडून ऐकून पाठ आहे. मग टपालाची पिशवी पुढे केली. त्यांनाही दुसरं कोण मिळणार होतं?

हँडलच्या तापणाऱ्या मुठी तू तशाच ठेवल्यास, बरं केलंस. शुन्साकुच्या चाळिसाव्या वाढदिवसाला तू त्या बसवल्यास तेव्हा तो गावभर लोकांना हात लावून बघायला सांगत फिरला होता. आता मला कळतं का ते. बटण दाबलं की पाच मिनिटांत तळहाताला ऊब येते आणि मग वाऱ्याने कितीही थोबाडीत मारल्या तरी राग येत नाही. फक्त वाटेवरचा पूल ओलांडला की डावी मूठ उजवीपेक्षा जास्त तापते. अगदी कुणी हात हातात घेतल्यासारखी. तुझ्या तारा उलटसुलट झाल्या असतील. राहू दे तशाच.

हेरिंग मासा घालून केलेलं कोबीचं लोणचं पाठवते आहे. बरणी परत पाठव, मागच्या दोन अजून तुमच्याकडेच आहेत. माया आहेच, ती बर्फाखाली गाडली जाऊ देऊ नकोस.

तुझी,
फुमी


आसाहिकावा,
१३ डिसेंबर १९८६

चि. फुमीस,
दादाचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं. लोणचं पोचलं आणि बहुतेक संपलंही. बरण्यांचा विषय वहिनीपुढे काढायची माझी छाती नाही.

आता नीट ऐक. त्या मुठींचं कौतुक पुरे. मी वीस वर्षं त्या लोकांना विकतो, त्यामुळे त्यांचे दुर्गुण माझ्याइतके कुणाला ठाऊक नाहीत. त्या तळहात तापवतात, बोटांची पाठ नाही. वारा लागतो तो पाठीला. बोटं गारठून लाकूड होतात आणि तळहात सांगत राहतो की सगळं ठीक आहे. दुसरं, तुझ्या गाडीची बॅटरी खेळण्याएवढी. हळू चालवलीस किंवा उभी ठेवलीस की मुठी तिचं रक्त पितात. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, हात उबदार असला की माणूस घाई करत नाही. थंडीने हात दुखला की माणूस घर शोधतो. दुखलाच नाही तर कशाला शोधेल?

तुला एक सांगायचं राहिलं होतं. राहिलं म्हणजे मी टाळलं. शुन्साकुची गाडी माझ्याकडे आली तेव्हा डावी मूठ जळालेली होती. आतली तार कोळसा झाली होती. नवी मिळाली नाही, म्हणून मी जोडणी कापली, टोकाला चिकटपट्टी गुंडाळली आणि वरून साधं रबर चढवलं. डाव्या मुठीत वीज जातच नाही, फुमी. ती तापणं शक्य नाही. गाडी अंगणात चालू कर, दोन्ही मुठींवर बर्फ ठेव आणि काय होतं ते मला कळव.

घरी सगळे बरे आहेत. तुझी आठवण सारखी निघते, तेवढीच आम्हालाही काढत जा.

दादा


तोमारिनाई,
१९ डिसेंबर १९८६

ती. दादास,
फुमीचा नमस्कार.

तू सांगितलंस तसं केलं. उजव्या मुठीवरचा बर्फ वितळून पाणी बुटावर टपकलं. डाव्या मुठीवरचा तसाच राहिला. शेजारीण कुंपणावरून बघत होती, तिने आता गावात सांगितलं असेल की शुन्साकुची बायको गाडीला नैवेद्य दाखवते.

म्हणजे तू खरं बोललास. पण मीही खोटं बोलत नाही. अंगणात डावी मूठ मेलेली असते. पूल येईपर्यंतही मेलेलीच. पूल ओलांडला की तिच्यात हळूहळू ऊब येते आणि कुदो आजीच्या घरापर्यंत, म्हणजे रस्ता संपेपर्यंत, टिकते. परतताना पूल आला की जाते. रोज असंच होतं. काल मी मुद्दाम डावा हातमोजा काढून पाहिलं. वारा असा होता की पापण्या चिकटत होत्या. हात गरम होता.

कुदो आजीला सांगितलं. तुला आठवतच असेल, दोन वर्षांपूर्वी शुन्साकु गोठलेला सापडला तो तिच्याच दारापासून जेमतेम दीडशे पावलांवर. बर्फाचं पांढरं वादळ थांबायची वाट बघत, दोन्ही हात मुठींवर ठेवून, गाडीवर बसलेला. आजी मुळीच दचकली नाही. म्हणाली, होत असेल तसं, पण त्याच्याशी बोलू नकोस आणि आभार तर मानूच नकोस. आभार मानले की गेलेले मागेच राहतात. मग माझ्या पुढ्यात गोड बटाटा ठेवला आणि आपल्या लेकाची पत्रं का येत नाहीत म्हणून मलाच बोलली.

मी आभार मानलेले नाहीत. पण दादा, तुझ्यापासून काय लपवू, सकाळी उठल्यावर मला पुलाची घाई असते. मला भीती वाटत नाही. वाटायला हवी हे कळतं, तरी वाटत नाही.

रागावू नकोस. रागावलास तरी लिहीत राहा.

फुमी


आसाहिकावा,
२५ डिसेंबर १९८६

चि. फुमीस,
आशीर्वाद.

तुझं पत्र वाचल्यापासून धड झोप नाही. वहिनीने तर सरळ सांगितलं की तो तुला न्यायला येतोय, आणि जेवता जेवता उठून देवापुढे तांदूळ ठेवले. मी तिच्यावर ओरडलो. मग दुकानात जाऊन बसलो आणि मलाही तेच वाटायला लागलं.

मी दुसरा अर्थ काढला आहे. गोठायला लागलेला हात गरम वाटतो. लाकूडतोड्यांकडून मी हे लहानपणापासून ऐकत आलो आहे. तुला जी ऊब वाटते ती ऊब नाही, तो हात मरतो आहे. न्यायला आलेला तो असो की थंडी असो, रस्ता एकच आहे. डॉक्टरला हात दाखव.

आणि एक तारखेला जाऊ नकोस. मला माहीत आहे की नववर्षाची कार्डं त्याच सकाळी घरोघरी पडली पाहिजेत. शुन्साकुही हेच म्हणत बाहेर पडला होता. दुसऱ्या दिवशी पडलेल्या कार्डाने कुणाचं वर्ष बुडाल्याचं मी ऐकलेलं नाही.

दोन वर्षं जे बोललो नाही ते आज लिहितो. दीडशे पावलं होती, फुमी. हात दुखले असते तर तो उठला असता, भिंती चाचपडत गेला असता. मी हौसेने बसवलेल्या मुठींनी त्याला बसवून ठेवलं. बॅटरी संपेपर्यंत तो सुखात बसला होता. हे मला ठाऊक आहे, आणि तरी मी तीच गाडी तुला पाठवली, कारण तू मागितलीस आणि नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं.

मी तीन तारखेला येतो आणि गाडी घेऊन जातो. तोवर घरात बस. एवढं ऐकलंस तर माझ्यावर तुझा लोभ आहे असं समजेन.

तुझा दादा


जिल्हा रुग्णालय,
२ जानेवारी १९८७

ती. दादास,
फुमीचा शि. सा. न. वि. वि.

पोस्टमास्तरांनी फोन केलाच असेल, म्हणजे मी जिवंत आहे हे तुला कळलं आहे. तू पोचशील तेव्हा मी धड बोलू शकणार नाही, म्हणून लिहून ठेवते आणि परिचारिकेकडे देते. अक्षर डाव्या हाताचं आहे, चालवून घे.

मी गेले. दोनशे साठ कार्डं, घराघरांची वेगळी बांधलेली. दोन वर्षांपूर्वी ज्या घरांना ती मिळाली नाहीत त्यांना या वर्षीही मिळू नयेत, हे मला सोसवलं नाही. सकाळी आभाळ निवळ होतं. पूल ओलांडला आणि डाव्या मुठीत ऊब आली, नेहमीपेक्षा जास्त. दहाएक मिनिटांनी वाऱ्याने शेतातला बर्फ उचलला आणि माझं पुढचं चाकसुद्धा मला दिसेना.

मी काय केलं असेल? थांबले. इंजिन चालू, दोन्ही हात मुठींवर. म्हटलं, वारा पडला की निघू. उजवी तुझ्या विजेने गरम, डावी तिच्या तिच्या उबेने. इतकं बरं वाटत होतं दादा, की मला कुठे जायचं होतं तेच आठवेना. तू लिहिलेलं सगळं आठवत होतं, आणि ते दुसऱ्या कुणाबद्दल आहे असं वाटत होतं. डोळे मिटत होते. मग मी ते केलं जे आजीने करू नको म्हटलं होतं. मी म्हटलं, "तू आलास ते बरं केलंस. आता मला इथून हलवू नकोस."

त्याने हात सोडला.

दुसरं कसं लिहू? डावी मूठ एका क्षणात गार झाली. नुसती गार नाही, लोखंडाला ओला हात चिकटावा तशी. कळ खांद्यापर्यंत गेली आणि मी किंचाळून गाडीवरून खाली पडले. पुन्हा मूठ धरली, आर्जवं केली. गारच. उजवी अजून ऊब देत होती, ये बस म्हणत होती. डावा हात एवढा दुखत होता की बसवेना. मग मी बर्फात रस्त्याची कड दाखवणाऱ्या बाणाच्या खांबाला धरून पुढचा खांब चाचपडला, त्याच्यापुढचा, आणि असं करत आजीच्या कुंपणावर आपटले. आधी तिचं कार्ड तिच्या हातात दिलं आणि मग दारात पडले, असं ती सगळ्यांना सांगते आहे.

डॉक्टर म्हणतात, उजव्या हाताची तीन बोटं पाठीकडून गोठली आहेत, दोन बहुधा जातील. तळहात मात्र भाजल्यासारखा लाल आहे. डाव्या हाताला काही म्हणजे काही झालेलं नाही. नख उलटवून पाहिलं, दिवा धरून पाहिलं. त्या हातात हातमोजा नव्हता हे मी त्यांना सांगितलं नाही.

वहिनींना सांग, तो मला न्यायला आला नव्हता. आणि तू स्वतःला दोष देणं बंद कर. दीडशे पावलं न चालल्याची चूक ज्याची होती त्याने ती भरून दिली.

या दोन वर्षांत मी रडले नव्हते हे तुला माहीत आहे. सगळे मला खंबीर म्हणायचे. काल खांब चाचपडताना मी त्याला नाही नाही त्या शिव्या देत होते आणि रडत होते, कारण तो गेला आहे हे मला तेव्हा कळलं.

गाडी तिथेच रस्त्यात आहे, उद्या घेऊन जा. दोन्ही मुठी काढून टाक. डावीला मात्र हात लावून बघू नकोस. तिथे आता काही नाही, आणि ते मला कुणाकडून ऐकायचं नाही.

तुझ्या लोभाची गरज आजच्याइतकी मला कधी नव्हती.

तुझी धाकटी,
फुमी