एकतृतीयांश म्हणजे एकतृतीयांशच

मी, निवृत्त गणित शिक्षिका, वय वर्षे एक्याऐंशी, शाळेतली मुले जिला पाठीमागे ‘दशांशबाई’ म्हणत ती, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दडपणाला भीक न घालता हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे का हे पाहायला डॉक्टरांनी मला आजचा वार विचारला. मी सांगितला. मग मी त्यांना ०.२७२७… चा अपूर्णांक विचारला. तीन अकरांश काही त्यांना सुचले नाही. दाखला मात्र दिला, तो सोबत जोडला आहे.

१. राहते घर माझ्या एकटीच्या नावावर आहे. त्याचे तीन समान वाटे करावेत: थोरला मुलगा, धाकटी मुलगी आणि माझी नणंद, म्हणजे आमच्या वन्सं.

वन्सं नवऱ्याचे घर सोडून आल्या तेव्हा मुलगा रांगत होता. पुढे माझे यजमान गेले. मी नोकरी करू शकले ती वन्सं घरात होत्या म्हणून. लोकांचे कपडे शिवता शिवता त्यांनी माझी दोन्ही मुले वाढवली. तरी मुलगा म्हणतो, “आत्याचा काय संबंध? राहू दे की तिला, वाटा कशाला?”

त्याने वकिलांना परस्पर गाठले होते, हे मसुदा हाती आल्यावर कळले. तिघांना प्रत्येकी ०.३३ हिस्सा, आणि ‘उर्वरित हिस्सा थोरल्या मुलास’.

“बाई, ०.३३ म्हणजे एकतृतीयांशच की हो,” वकील म्हणाले.

“०.३३ म्हणजे तेहतीस शतांश. असे तीन वाटे घातले की एक शतांश उरतो, आणि तेवढ्या फटीतून माझा मुलगा आख्ख्या घरात शिरेल.”

मसुदा त्यांच्यासमोरच फाडला.

म्हणून स्पष्ट लिहिते: प्रत्येकी १/३. कोर्टाला दशांशातच हवे असेल तर ०.३३३…, न संपणारे तीन. तरीही ही परिमेय संख्याच. क्ष = ०.३३३… धरा. दहा क्ष = ३.३३३…. वजा करा: नऊ क्ष = ३, क्ष = १/३. उर्वरित काही नाही.

२. गणिताची पुस्तके शाळेला. अट एकच. व्हरांड्यातल्या भिंतीवर ‘π = २२/७, म्हणून π परिमेय’ असे रंगवले आहे, ते आधी पुसावे. २२/७ परिमेय आहे. π नाही, २२/७ ही त्याची फक्त जवळची किंमत. एका मुलीने पेपरात हे बरोबर लिहिले. मी गुण दिले, मुख्याध्यापकांनी काढायला सांगितले. मी काढले नाहीत, पर्यवेक्षकपद गेले. गेले तर गेले. भिंत तशीच राहिली तर पुस्तके रद्दीत घालावीत.

३. बँकेतली शिल्लक मुलीला. माझ्या आजारपणात सगळी रजा खर्चून तीच उशाशी बसली. दागिने नाहीत, कपाटे उचकटू नयेत.

काल हे सर्वांना वाचून दाखवले. वन्सं म्हणाल्या, “वहिनी, माझ्यापायी पोराशी कशाला वाकडं घेता? मला एक कोपरा पुरे.”

“कोपरा पाहुण्याला देतात, वन्सं.”

मुलाने पहिले कलम पुन्हा वाचले. मग म्हणाला, “बरं, आत्यानंतर तिचा वाटा आमच्याकडेच येईल ना?”

मी तोंड उघडायच्या आत वन्संनी चष्मा काढून त्याच्याकडे पाहिले.

“ते मी ठरवीन,” त्या म्हणाल्या. “वहिनी, तुमचं लिहून झालं की पेन इकडे द्या.”

वन्संच्या वाट्यावर माझी कोणतीही अट नाही. याआधीचे सर्व कागद रद्द समजावेत.

सही : लिहिणारीची, स्वहस्ते
साक्षीदार : शेजारचे औषध दुकानदार (सही), दाखला देणारे डॉक्टर (सही)
ठिकाण : राहते घर
दिनांक : नऊ मार्च