टाकीवरची खुर्ची

१२ ऑक्टोबर, रविवार

वादळ काल गेलं, आज पालिकेचे साहेब आले! आम्ही सगळे मांड्यांपर्यंत चिखलात आणि याच्या शर्टाची इस्त्री शाबूत. मी आणि नवऱ्याने तिथल्या तिथे त्याचं नाव ठेवलं — इस्त्रीसाहेब.

त्याने यादी हातात दिली. शाळेतली छावणी, आरोग्य केंद्र, पोलीस चौकी, बाजार, वाचनालय. पाचही ठिकाणच्या सेप्टिक टाक्या अठ्ठेचाळीस तासांत पूर्ण उपसा आणि तळ दिसेल असा फोटो पाठवा. तळ! तळपायाची आग मस्तकात गेली. जमीन पाण्याने टच्च भरलेली असताना टाकी कधी रिकामी करतात? रिकामा डबा बादलीत दाबून सोडून बघा म्हणावं. टाकी तशीच जमिनीतून वर येते, पाइप तुटतात, सगळा मैला मोकळा. बाबा हाच मैल्याचा टँकर चालवायचे तेव्हा मी फ्रॉक घालत होते, तेव्हापासून मला हे माहीत आहे.

सांगितलं त्याला. म्हणाला, वरून आदेश आहे. वर कुणी कधी टाकीचं झाकण उघडलंय का, हे विचारायचं राहिलं.

१३ ऑक्टोबर

शाळेत तीनशे दहा माणसं. संडास आठ, आठही तुंबलेले. टाकी अंगणात आणि तिच्यापासून पंधरा पावलांवर विहीर. सगळी छावणी तीच विहीर पिते. टाकी वर आली की विहीर गेली, आणि मग तीनशे दहा माणसं आजारी. एवढं सरळ आहे. तरी मी समजावत फिरतेय!

मी ठरवलं — टाकीतला वरचा एक तृतीयांश भागच काढायचा, बाकीचा वजन म्हणून आत राहू द्यायचा. सकाळ-संध्याकाळ. शाळेमागच्या उंचवट्यावर संडासासाठी चर खणून आडोसे उभे केले. नियम पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून टँकरच्या दाराला बांधला. ओळखीच्या सगळ्या टँकरवाल्यांना फोन करून हेच सांगितलं — एक तृतीयांश, त्याखाली हात लावायचा नाही.

लोक बोटं मोडताहेत माझ्या नावाने. सर्वांत जास्त ताई. तिचं घर गेलं, ती पोरांना घेऊन चौथीच्या वर्गात राहतेय. सगळ्यांसमोर म्हणाली, "सख्खी बहीण टँकरवाली आणि आम्ही नाक दाबून बसायचं!" मी चर खणत राहिले. घरी येऊन रडले मात्र.

१४ ऑक्टोबर

इथल्या मैला शुद्धीकरण केंद्राला वीज नाही. इस्त्रीसाहेब म्हणे, नाल्यात सोडा, कुणाला कळतंय पुरात. नवरा चाळीस किलोमीटरवरच्या केंद्रात टँकर रिकामा करून येतो. दोन खेपा. पाठ धरली आहे त्याची.

१५ ऑक्टोबर

पत्र आलं. उद्या संध्याकाळपर्यंत यादी पूर्ण झाली नाही तर परवाना रद्द. कामात हयगय, असं लिहिलंय! चार दिवस आम्ही दोन घास धड बसून खाल्लेले नाहीत. फिरते संडास मागितले त्याला तीन दिवस झाले, त्याचं उत्तर नाही. हयगय कुणाची?

शाळेची टाकी उपसायला दुसरा टँकर बोलावलाय म्हणे.

नवऱ्याने पत्र दोनदा वाचलं. परवाना गेला तर टँकर विकावा लागेल, हे दोघांनाही माहीत. मी म्हटलं, मी उद्या शाळेतून हलणार नाही, तू काय करायचं ते बघ.

१६ ऑक्टोबर

हेडमास्तरांच्या खोलीतली खुर्ची उचलली, टाकीच्या झाकणावर ठेवली आणि बसले. सकाळी आठपासून.

नऊला दुसरा टँकर आला. त्याच्या ड्रायव्हरने मला पाहिलं, इंजिन बंद केलं. खाली उतरून हळूच म्हणाला, मलाही कळतंय हो वहिनी, पण आमचंही पोट आहे. मी म्हटलं, मग साहेबाला सांग बाई उठत नाही. बिचारा सुटल्यासारखा झाला.

दहाला साहेब. आधी गोड, मग गरम. पोलिसांना बोलावतो म्हणाला. मी म्हटलं बोलवा, त्यांच्या चौकीची टाकीही यादीत आहे, त्यांनाही समजावून सांगते. लोक जमले. कुणी हसत होतं, कुणी शिव्या घालत होतं. मग ताई वर्गातून बाहेर आली. हातात बाक. विद्यार्थ्यांचा, बुटका. झाकणाला लागून ठेवला आणि बसली. माझ्याशी एक शब्द नाही. साहेबाला मात्र म्हणाली, "आता दोघींना उचला."

पाच वाजता तो गेला. दिवसभर पाऊस होता. ताईने पदर माझ्याही डोक्यावर धरला होता.

१७ ऑक्टोबर

विहिरीच्या पाण्याची तपासणी झाली. स्वच्छ! तीनशे दहा माणसांत एकालाही जुलाब नाहीत. इस्त्रीसाहेबाने विहिरीजवळ उभं राहून फोटो काढून घेतला. आदर्श छावणी म्हणून वर पाठवणार. चीड आली, पण हसूही आलं.

संध्याकाळी नवऱ्याने कागद पुढे ठेवला. यादीतल्या बाकीच्या चारही ठिकाणांवर खूण. मी शाळेत बसले होते तेव्हा एकट्याने फिरून त्याने चारही टाक्या केल्या. साहेबाने तळाच्या फोटोचा आग्रह सोडला, परवाना राहिला. मी घाबरून विचारलं, पूर्ण उपसल्यास की काय? तो म्हणाला, "वेडी आहेस का, तुझ्याच नियमाने. वरचा एक तृतीयांश, कुठेही जास्त नाही."

मला भरून आलं. या माणसाला मी कधी नीट चांगलं म्हटलेलं नाही. आज म्हटलं.

१८ ऑक्टोबर

सकाळी आरोग्य केंद्राची टाकी वर आली. प्रसूतीच्या खोलीत घोट्यापर्यंत मैला, दोन बायका कळा देत असताना झोळीतून बाहेर काढल्या. ती टाकी फायबरची आहे, वजनाला हलकी. काँक्रीटच्या टाकीतून एक तृतीयांश काढलेलं चालतं, फायबरच्या टाकीतून लोटाभरही चालत नाही. मला हे माहीत होतं. पुठ्ठ्यावर लिहिलं नाही, फोनवर एकालाही सांगितलं नाही. इस्त्रीसाहेबाने नवऱ्याला विचारलं, किती काढायचं हे तुला कुणी सांगितलं? नवरा फावड्याने मैला ओढत राहिला. मी म्हटलं, मी.