झडपेच्या पत्त्याचा जोड

दि. ९, मंगळवार, दुपार

चि. डावऱ्या,

माझं अक्षर बघून पाकीट तसंच परत पाठवशील, म्हणून वरचं नाव शेजारच्या शिंपिणीकडून लिहून घेतलं आहे. राग मानू नकोस. पाकिटाच्या झाकणावर पेन्सिलीची एक बारीक रेघ आहे, अर्धी झाकणावर आणि अर्धी खाली. ती जुळत नसेल तर पत्र वाटेत कोणीतरी उघडलं असं समज. तुझ्या बायकोला वाचायचं असेल तर खुशाल वाचू दे, पण तुझ्यानंतर.

इकडे सगळं बरं आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते.

कारखाना चालू आहे. जादूच्या मोठ्या पेट्या आणि कपाटं कोणी मागत नाही आता. टेबलाटेबलावर फिरून खेळ करणारेच येतात, त्यांना खिशात मावेल असं हवं असतं. पत्ते मी अजून तसेच सोलते, कोमट पाण्यात भिजवून, कोपरा नखाने सुटला की पापुद्रा हळूच ओढून. सरस मात्र पहिल्यासारखा धरत नाही. सरसवाला पाणी घालतो असा माझा दाट संशय आहे. परवा त्याच्यासमोरच बरणीत काडी बुडवून बघितली, तर म्हणाला, "बाई, तुम्ही देवाचेही खिसे तपासाल." मी म्हटलं, "खेळ करणारा असेल तर तपासीनच."

तू हसला नसशील. नसशील तर नको हसूस.

माझा स्वभाव तुला नवा नाही. माणूस बोलायला लागला की माझी नजर त्याच्या हातांकडे जाते. अण्णांनीच लावलेली सवय. ते म्हणायचे, पोरी, तोंड काय वाटेल ते सांगेल, तू बोटं बघ. तीस वर्षं मी लोकांची बोटं बघत आले. पाहुणे, गिऱ्हाइकं, सरसवाला, तुझ्या लग्नात तुझे सासरेसुद्धा. कोणी दोनदा हात पुसले तरी मला वाटतं, ह्याने काहीतरी लपवलं.

तू बुटांच्या दुकानात कामाला लागलास असं जादूगार मंडळाच्या चिटणिसांनी सांगितलं. आवडीने सांगितलं, म्हणून मी चारदा विचारून खात्री केली. गुडघ्यावर बसून तू लोकांच्या पायांत बूट चढवतोस, हे ऐकून मला वाईट वाटलं असं लिहिलं तर तू विश्वास ठेवणार नाहीस. पण वाटलं. तुझी बोटं त्या कामाची नाहीत.

आता मुद्द्यावर येते. खरं तर अजून दोन पानं टाळता आलं असतं.

झडपेचा पत्ता मी तुझ्या एकट्यासाठी केला होता. पत्त्याच्या तोंडावर अर्ध्या आकाराची झडप, तिला रेशमाच्या पट्टीची बिजागरी, अंगठ्याने झडप उलटली की राणीची सत्ती होते. लोकांच्या नाकासमोर, वीतभर अंतरावर. तू डावखुरा, म्हणून बिजागरी मी उलट्या बाजूला घेतली. आपल्या रीतीप्रमाणे एक पत्ता तुला दिला आणि त्याचा जोड तुझ्या नावाच्या कप्प्यात ठेवला, तुझा फाटला तर त्यावरून दुसरा करता यावा म्हणून. कप्प्याला कुलूप.

वर्षभरात त्याची नक्कल बाजारात आली. पुठ्ठ्याच्या डबीत, आत छापील कागद, 'घरबसल्या शिका'. एखाद्याला स्वतःहून ही युक्ती सुचली असेल असं मी मानलंही असतं. पण बिजागरी डाव्या हाताची! घेणारे सगळे उजव्या हाताचे, त्यांची झडप अडकायची, आणि तरी करणाऱ्याला कळलं नाही की बाजू बदलायला हवी. समोर ठेवून आंधळेपणाने उतरवलं होतं. मी कप्पा उघडून बघितला, जोड जागेवर होता. म्हणजे तुझाच पत्ता फुटला. मंडळाच्या सभेत मी उभी राहून तसं सांगितलं. बहीण असून सांगितलं, म्हणून लोकांनी माझं कौतुक केलं, आणि मला ते आवडलं. हेही लिहून टाकते.

तू कबूल केलंस. तुझं नाव मंडळातून दोन वर्षांसाठी काढलं, हॉटेलवाल्यांनी बोलावणं बंद केलं, तू गाव सोडलंस.

डावऱ्या, तो पत्ता तुझ्याकडून फुटला नव्हता. मला हे सात महिन्यांपासून ठाऊक आहे.

सात दिवस नव्हे, महिने. चूक वाचलं असं वाटू नये म्हणून परत लिहिलं.

मार्चमध्ये कप्पे साफ करायला काढले. तुझा जोड हातात घेतला, सवयीने झडप उलटली, आणि ती सैल होती. रेशीम पार विरलेलं. जो पत्ता एकदाही खेळात गेला नाही त्याची बिजागरी झिजते कशी? सभेच्या आधी मी तो कप्प्यात नुसता बघितला होता, हात लावला नव्हता. जन्मभर दुसऱ्यांची बोटं बघितली आणि त्या दिवशी स्वतःची चालवली नाहीत. मग पत्ता नाकाशी नेला. मालिशच्या तेलाचा वास होता, अण्णांच्या हाताला लावतो त्याच तेलाचा.

कुलूप अण्णांनीच बसवलेलं. ते त्यांना चावीशिवाय उघडतं हे आपल्या दोघांनाही लहानपणापासून माहीत. मी जगातल्या सगळ्यांवर संशय घेतला, एका त्यांच्यावर घेतला नाही.

तुला आठवतं ना, नक्कल निघायच्या सुमारास त्यांना झटका येऊन तीन महिने झाले होते. उजवा हात लुळा. रोज दुपारी व्यायामवाला यायचा. गोड बोलणारा, स्वच्छ नखांचा. माझं त्याच्याकडे लक्ष होतं, पण मी खोलीतल्या वस्तू मोजत होते! मार्चमध्येच मी अण्णांना आडून आडून विचारलं, व्यायामवाल्याला कधी खेळ दाखवलात का. त्यांचा चेहरा असा खुलला म्हणून सांगू. म्हणाले, "दाखवला ना! डाव्या हाताने. माणूस खुर्चीतून उठला. मला म्हणाला, चार दिवस घरी नेतो, बायकोला दाखवतो. नेऊन आणूनही दिला बिचाऱ्याने."

बिचाऱ्याने! त्या चार दिवसांतच नक्कल उतरली.

त्यांनी गुपित विकलं नाही, डावऱ्या. झटक्यानंतर पहिल्यांदा कोणीतरी त्यांच्याकडे दयेने न बघता आश्चर्याने बघितलं, आणि ते भुलले. मी त्यांना काही बोलले नाही. तुझ्यावर काय आलं हे त्यांना माहीतच नव्हतं. सभेला ते आले नव्हते, आणि मी त्यांना सांगत होते की तुला दुसरीकडे मोठं काम मिळालं आहे. तुझी म्हणून तीन पत्रंही वाचून दाखवली, मीच लिहिलेली. चौथ्या वेळी म्हणाले, "राहू दे. हा इतकं नीट लिहीत नाही."

मी गप्प का राहिले? अण्णांचं नाव जाईल म्हणून, असं मी स्वतःला सांगत होते. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. उरलेलं असं, की ज्या सभेत उभी राहून मी तुला चोर म्हटलं तिथेच परत उभं राहायला माझे पाय तयार नव्हते. आपल्याला कोणी फसवू शकत नाही ही माझी घमेंड. ती जपायला मी तुझे सात महिने खर्ची घातले.

गेल्या बुधवारी मंडळाची नोटीस आली. तुझी दोन वर्षं संपतात. येत्या रविवारच्या सभेत तुला परत घ्यायचं की नाव कायमचं काढायचं, हे ठरेल. माझी सही असलेली जबानी त्यांना नव्याने हवी आहे. नोटीस मी टेबलावर विसरले आणि अण्णांनी वाचली.

मला हाक मारली. कागद डाव्या हातात होता. विचारलं, "हा पत्ता कोणता? झडपेचा?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी नोटीस पालथी ठेवली. मग म्हणाले, "पण तो जोड मला त्यानेच काढायला लावला होता, पोरी. आजारपणात भेटायला आला तेव्हा. म्हणाला, अण्णा, ह्याची झडप डाव्या अंगठ्याची आहे, रोज शंभर वेळा करा, हात मोकळा होईल. ताईला कळू देऊ नका, ती कप्प्याला हात लावू देत नाही. झालं की परत ठेवत जा."

त्या दिवशी तुम्ही दोघं दार लावून बसला होतात. घराच्या वाटणीचं बोलणं चाललंय असं मला वाटलं होतं. दोनदा दारापाशी येऊन गेले.

अण्णांनी सांगितल्यापासून मला ती सभा वेगळीच दिसते. चिटणिसांनी नक्कल तुझ्या हातात दिली. तू झडप एकदा उलटलीस आणि मला विचारलंस, "ताई, अण्णांना हे सांगितलंस?" मी म्हटलं, "नाही, त्यांना सोसणार नाही." तू म्हणालास, "मग सांगू नकोस," आणि चिटणिसांकडे वळून, "माझ्याकडूनच गेला." मला वाटलं, बापाला तोंड दाखवायची लाज वाटते आहे चोराला. मी तुझ्या हातांकडेच बघत होते. ते अजिबात हलले नाहीत, त्याचाही मी अर्थ लावला की हा किती निर्ढावलेला आहे.

तुला सगळं माहीत होतं. एवढी दोन वर्षं.

रविवारी कप्पा माझ्याकडून उघडा राहिला असं सांगायचं मी ठरवलं होतं, म्हणजे अण्णा वाचतील आणि तूही. अण्णांनी ऐकलं नाही. म्हणाले, "घरात हातचलाखी पुरे झाली. मला सभेत ने. हात गेला तरी जीभ शाबूत आहे." तेव्हा रविवारी आधी ते बोलतील आणि मग मी. चिटणिसांना मी आज सकाळीच लेखी कळवलं आहे, जबानी मागे घेतल्याचं. आता मला माघार घेता येणार नाही.

तू सभेला ये असं म्हणायचा मला हक्क नाही, म्हणून म्हणत नाही. अण्णा म्हणतात. त्यांनी निरोप दिला आहे, "आता शंभर नाही, दोनशे वेळा करतो म्हणावं." त्यांचा अंगठा खरंच मोकळा झाला आहे. तुझ्यामुळे.

पत्राच्या शेवटी मोठ्या बहिणीने आशीर्वाद लिहायचा असतो. तीनदा लिहायला घेतला, हात पुढे जात नाही. वयाने मोठी आहे, तरी आज तुला वाकून नमस्कार करते. तो नको असेल तर नको घेऊस.

तुला चोर म्हणणारी,
ताई